वडील माजी सैनिक आहेत, तर एफडीए-एसडीएच्या (कर्नाटक सरकारच्या कारकुनांच्या) भरतीत मला कोटा लागतो का? (खानापूर तालुका)

मलप्रभेकाठचा

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव खानापूर तालुक्यात. पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून २०१४ ला पेन्शनवर आले, १७ वर्षं सर्व्हिस झाली, अंगाने ठणठणीत आहेत, आता बेळगावात एका एटीएमवर रात्रपाळीचे सिक्युरिटी. मी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, मग पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीकॉम, वय २३, जात मराठा म्हणजे इकडच्या ओबीसीतला थ्रीबी गट. दोन वर्षं झाली एफडीए एसडीएचाच अभ्यास करालोय.

तर झालं असं की परवा फॉर्म भरायला गेलो तिथला झेरॉक्सवाला म्हणाला वडील मिल्ट्रीत होते ना मग एक्स-मिल्ट्रीला टिक कर की, १० टक्के जागा असतात, कट-ऑफ खाली येतो, फी पण कमी पडते. मी टिक करून बघितलं तर खरंच फी ५० दाखवली, थ्रीबीला ३०० आहे. पण हात थांबला आणि सबमिट न करता घरी आलो. पप्पा म्हणतात, देशाची सेवा मी केली ना, मग पोराला मिळायलाच पाहिजे. आई म्हणते कुणाला तरी विचार आधी.

दुसरं, माझी चुलत बहीण. काका पण मराठातच होते, २००६ ला ड्युटीवर असताना गाडी दरीत जाऊन गेले, ताई तेव्हा ८ वर्षांची. काकूंना पेन्शन चालू आहे. ताईने डिग्री केली, दोन वर्षांपूर्वी निपाणीला लग्न होऊन गेली. तिला कुणीतरी सांगितलंय की लग्न झालं की मिल्ट्रीचं सगळं बंद, तू आता नवऱ्याच्या घरची. ती पण एसडीएला बसालीय. मग तिला काय मिळतं की नाही? आणि तिला मिळत असेल तर मला का नाही, दोघांचे बाप एकाच रेजिमेंटचे.

जाणकारांनी सांगा, शेवटची तारीख जवळ आलीय.

तवंदीचा_घाट

टिक कर रे बिनधास्त. माझ्या मित्राला वडिलांच्या मिल्ट्रीवरून सीईटीत सीट लागली, दाखला पण मिळाला सैनिक ऑफिसातून. तिथे चालतं तर इथे का चालणार नाही.

कचेरीतली

घाटवाले दादा, थांबा जरा, पोराला खड्ड्यात घालाल. मी स्वतः एसडीए आहे, तालुक्याच्या ऑफिसात बसते, दर भरतीला अशी दोन-चार पोरं दाखल्यासाठी आमच्याकडे येऊन रडतात म्हणून लिहितेय.

कॉलेजची सीट आणि नोकरी यात लोक कायम गल्लत करतात. ॲडमिशनसाठी सैनिकांच्या मुलांची एक प्रायॉरिटीची उतरंड आहे, युद्धात गेलेल्यांची मुलं पहिल्या नंबरला, मग युद्धात अपंग झालेल्यांची, असं करत करत सहाव्या नंबरला साध्या माजी सैनिकांची मुलं येतात. म्हणजे धडधाकट पेन्शनवर आलेल्या माणसाच्या पोराला तिथे शेपटाला का होईना जागा आहे. तुमच्या मित्राला सीट लागली ती अशी. नोकरीत ही उतरंड नाही. नोकरीतला कोटा सैनिकाचा स्वतःचा, त्याच्या घराण्याचा नाही.

कर्नाटकात १० टक्के आहे हे खरं. पण तो वेगळा डबा नाही. आपल्या लाल बसमध्ये बाकड्यावर ‘महिळेयरिगे’ म्हणजे महिलांसाठी असं लिहिलेलं असतं ना, तसं आहे हे. थ्रीबीच्या जितक्या जागा त्यातल्याच काही बाकड्यांवर माजी सैनिक लिहिलेलं. माजी सैनिक आला नाही तर थ्रीबीचाच दुसरा बसतो. पण मी बाईचा मुलगा आहे म्हणून मला त्या बाकड्यावर बसू द्या असं कंडक्टरला म्हणून चालेल का?

आता ताईचं. नोटिफिकेशन कन्नडात असतं म्हणून आपली पोरं तो परिच्छेद सोडून देतात, खरं तर तो शब्द आपलाच आहे, कन्नडात पण माजी सैनिकच म्हणतात आणि अवलंबितांना अवलंबितरु. त्या परिच्छेदात माजी सैनिक कोण हे सांगून झालं की खाली येतं, सेवेत असताना मृत्यू झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या कुटुंबातले अवलंबित. त्यांनी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण आणि पुनर्वसन खात्याच्या उपसंचालकांकडून अवलंबित असल्याचा दाखला आणायचा. म्हणजे एकाच घरात तुला नाही आणि तिला दार आहे. तिचा बाप परत आला नाही, तुझा आला. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे रे बाबा.

सांबऱ्याचा_बंड्या

कचेरीतल्या ताईंनी सांगितलं ते मी भोगलंय, म्हणून माझं पण ऐका.

वडील आर्टिलरीत होते, नाईक म्हणून रिटायर. मी पण असाच टिक मारला होता, फी कमी दिसली आणि खूश झालो, घरी येऊन आईला म्हणालो अडीचशे वाचवले. परीक्षा झाली, मार्क बरे पडले, लिस्टमध्ये नाव आलं, नावापुढे एक्सएमपी, म्हणजे एक्स-मिल्ट्री. गावात पेढे वाटले, आजीने मारुतीला नारळ फोडला. मग कागद तपासायला बोलावलं. वडिलांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), कॅन्टीन कार्ड, मेडल पण नेली होती डबीत घालून (आता हसू येतं). टेबलावरच्या बाईंनी डिस्चार्ज बुक उघडलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे कोण. म्हटलं वडील. त्या म्हणाल्या, मग त्यांना बोलवा, नोकरी त्यांना देऊ.

रागावून नाही म्हणाल्या, अगदी शांतपणे. मागे रांगेत दोन-तीन जण हसले. माझं नाव त्या लिस्टमधून गेलं आणि मला थ्रीबीत धरा म्हणून अर्ज केला तर म्हणाले फी कुठली भरलीय तुम्ही. ऑफिसचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. ते अडीचशे रुपये अजून आठवतात.

तवंदीचा_घाट

बरं बाबा, मागे घेतो. सेंट्रलमध्ये तरी असेल ना? एसएससीला, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या भरतीला?

सुभेदार_काका

नाही. सेंट्रलमध्ये ग्रुप सीच्या १० टक्के जागा माजी सैनिकाला, जुन्या ग्रुप डीच्या २० टक्के, ते नियम १९७९ चे आहेत आणि त्यात मूल नाही. बँका आणि सरकारी कंपन्यांत क्लार्कच्या पातळीला साडेचौदा टक्के असतं. त्यातलं १० आपल्यासारख्या धडधाकट आलेल्यांचं, वरचं साडेचार अपंग होऊन आलेले आणि लढाईत गेलेल्यांचे घरचे यांचं. त्या घरच्यांत विधवा, मुलगा, मुलगी येतात, आणि जवळचा नातलग पण येतो, मी ह्या कुटुंबाला सांभाळीन असं ॲफिडेव्हिट दिलं तर. पण वयाची आणि शिक्षणाची जी सूट सैनिकाला असते ती ह्यांना नसते, हे बारीक अक्षरात असतं, तिथे लोक फसतात.

आता बाळा, तुझ्या काकांचं. ड्युटीवर गेले एवढं म्हणून भागत नाही. फौजेत मरण पण तीन रकान्यात लिहिलं जातं, ऐकायला वाईट वाटेल पण तसंच आहे. तुझ्या काकूला सांग ट्रंकेतून पीपीओ काढ आणि कुठली पेन्शन लिहिलीय ते बघ. ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन असेल तर मरणाचा सर्व्हिसशी संबंध धरलेला नाही. स्पेशल फॅमिली पेन्शन असेल तर सर्व्हिसमुळे मरण आलं असं सरकारने मान्य केलंय. लिबरलाइज्ड असेल तर लढाईतलं, बॅटल कॅज्युअल्टी. बँकेच्या साडेचारमध्ये ह्या शेवटच्याच घरचे येतात. म्हणजे युद्ध, सीमेवरची चकमक, बंडखोरांशी लढाई, सुरुंग पेरताना किंवा काढताना, शांतिसेनेत परदेशी असताना, श्रीलंकेत मारले गेलेले, अशी ती यादी आहे. मी माझ्या कंपनीतल्या तिघांच्या घरी हे पीपीओ वाचून दाखवलेत. एका घरी पंधरा वर्षं कुणी तो कागद उघडला नव्हता, बँकेत पैसे येतात एवढंच माहिती.

आणि आणखी एक. रेकॉर्ड ऑफिसचं रिलेशन सर्टिफिकेट म्हणजे अवलंबिताचा दाखला नव्हे. रिलेशन सर्टिफिकेट पोरगा स्वतः भरतीला पळतो त्यासाठी, रेजिमेंटच्या कोट्यातून उतरायला. आपलं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच असल्यामुळे लोक पटकन जाऊन ते आणतात आणि क्लार्कच्या फॉर्मला जोडतात. तिकडे त्याला कुणी विचारत नाही.

मलप्रभेकाठचा

काका, आत्ताच काकूंकडे जाऊन आलो. ट्रंकेत नव्हता, देवघराच्या फळीवर काकांच्या फोटोच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत होता, घडीवर फाटायला आलाय. काकूंना वाचता येतं पण त्यांनी तो कधी वाचला नव्हता, म्हणाल्या तेव्हा सासऱ्यांनी सही करायला सांगितली तिथे केली. स्पेशल फॅमिली पेन्शन लिहिलंय. मी वाचून दाखवलं की काका सर्व्हिसमुळेच गेले असं सरकारने लिहून दिलंय. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला आत गेल्या.

म्हणजे बँकेचं नाही पण कर्नाटकचं चालेल ना ताईला? आणि लग्नाचं काय?

सुभेदार_काका

बँकेचं नाही. राज्याच्या दाखल्यासाठी अर्ज करा, सेवेत मृत्यू हे कागदावरच आलंय. त्या कागदाची आधी चार झेरॉक्स काढा आणि ओरिजिनलला लॅमिनेशन करू नका, लोक प्रेमाने लॅमिनेशन करतात आणि मग मागच्या बाजूला काही नोंद घालायची वेळ आली की पंचाईत.

वकिली_डोकं

लग्नाचा मुद्दा मी घेतो, कारण हा प्रश्न आपल्याच हायकोर्टात जाऊन सुटलाय आणि आपल्याच भागात लोकांना माहिती नाही.

सैनिक बोर्डाच्या गाइडलाइनमध्ये अवलंबितांच्या ओळखपत्रासाठी असं होतं की मुलगा २५ वर्षांपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत. एक सुभेदार ऑपरेशन पराक्रममध्ये (पाकिस्तान सीमेवर फौज जमवली होती तेव्हा) सुरुंग काढताना २००१ मध्ये गेले. त्यांची मुलगी मोठी झाली, २०२१ ला सरकारी फर्स्ट ग्रेड कॉलेजांच्या असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात आली, त्यात १० टक्के ह्याच वर्गाच्या. ती कार्ड मागायला गेली तर म्हणाले तुझं लग्न झालंय. ती कोर्टात गेली. जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटक हायकोर्टाचे न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी ‘लग्न होईपर्यंत’ हा भाग घटनाबाह्य ठरवून उडवला. म्हणणं साधं होतं, लग्नानंतर मुलगा जर मुलगाच राहतो तर मुलगी पण मुलगीच राहते. वर केंद्राला असंही सुचवलं की एक्स-सर्व्हिसमेन ह्या शब्दातला मेन बदलायला पाहिजे, बायका पण फौजेत आहेत.

तेव्हा ताईने लग्न झालंय हे लपवू नये. लोक काय करतात, जुनं रेशन कार्ड जोडतात, माहेरचं नाव ठेवतात, आणि मग आधारवर नवऱ्याचं नाव निघतं आणि तिथे खरं अडकतं. सरळ लिहायचं, लग्नाचा दाखला जोडायचा, अर्जात निकालाचा उल्लेख करायचा. काउंटरवर तोंडी नाही म्हणाले तर भांडू नका, लेखी द्या म्हणा. टपालात अर्ज देऊन पोचपावती घ्या. तोंडी नाहीवर कोर्टात जाता येत नाही, लेखी नाहीवर जाता येतं, आणि बऱ्याच वेळा लेखी द्या म्हटलं की नाहीचं होय होतं.

मुलग्यांची २५ ची अट मात्र त्या निकालाचा विषय नव्हता. ज्या घरी असा मुलगा आहे आणि तो २४ चा झालाय त्यांनी आज उठून जावं.

कचेरीतली

वकील साहेबांनी छान सांगितलं. ताई निपाणीला गेल्यामुळे तिचा प्रश्न पण येईल की दाखला कुठून. निपाणी पण बेळगाव जिल्ह्यातच, सैनिक कल्याणचं ऑफिस बेळगावातच, काही बदलत नाही. कोल्हापूरला सासर असतं तर डोकं खाल्लं असतं.

जात-उत्पन्नाचा दाखला मात्र नीट बघा. थ्रीबीचा फॉर्म एफ लागतो. आणि लग्न झालेल्या पोरींनी जात वडिलांची लावायची असते, सासरच्या नावाचा दाखला काढून आणू नये, हे मी आठवड्यातून एकदा तरी सांगते.

आणि मलप्रभेकाठच्या भावा, तू मराठी शाळेतला ना, मग तुझं खरं दुखणं कोट्यात नाही, कन्नड पेपरात आहे. १५० मार्कांचा सक्तीचा पेपर, ५० पाहिजेत, ते मेरिटला धरत नाहीत पण ५० नाही पडले तर बाकीचं तपासतच नाहीत. आपली पोरं जीकेत ८० काढतात आणि इथे ४३ वर मरतात. मी पण मराठी शाळेचीच, नंदगडकडची. मी काय केलं माहिती आहे का, एक वर्ष रोज बसस्टँडवर बोर्ड वाचले आणि शेजारच्या लिंगायत काकूंकडे त्यांचा कन्नड पेपर मागून आणून मोठ्याने वाचायची, त्या आतून भाजी चिरता चिरता चुकलेलं दुरुस्त करायच्या. ‘हळे’ आणि ‘हाळे’ मध्ये मी सहा महिने गोंधळ घातला.

दुसरं, दहावीपर्यंत गावात शिकलास ना? मग ग्रामीणचा दाखला काढ. तिथे २५ टक्के आहे आणि मराठी माध्यमाला पण चालतं, अट गावात शिकल्याची आहे. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आपल्याला नाही, ते सोड. ज्या घरी मिल्ट्री मिल्ट्री म्हणून नाचतात त्या घरच्या पोरांनी ग्रामीणचा साधा दाखला काढलेला नसतो, हे मी डोळ्याने बघितलंय.

कागलकर

सीमाभागातल्या मित्रांनो, तुम्ही महाराष्ट्राचं दार विसरता. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं आहेत, त्यात तुमचं गाव असेल तर १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या भरतीला बसता येतं, २००८ चा शासन निर्णय आहे, तलाठीच्या जाहिरातीत पण लिहिलेलं असतं. तिथे गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के आहे. पण घोड्यावर बसू नका, ते पण मुख्यतः सैनिकाचंच, धडधाकट माजी सैनिकाच्या पोराला तिथेही तेच उत्तर मिळेल. फायदा एवढाच की पेपर मराठीत.

सांबऱ्याचा_बंड्या

८६५ वाल्या दाखल्याला इकडच्या काउंटरवर गेलं की बघणारे कसे बघतात ते पण सांगा की 😀

कागलकर

ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. वास्तव्याचा दाखला मागायचा, कशाला पाहिजे याचं भाषण द्यायचं नाही.

कंग्राळीची_सून

मध्येच लिहितेय. आमच्याकडे एकजण घरोघरी फिरतोय, स्वतःला पण माजी सैनिक म्हणवतो, डिफेन्स कोट्यातून क्लार्क करून देतो, आधी पंचवीस हजार आणि ऑर्डर आल्यावर बाकीचे. आमच्या सासऱ्यांकडून डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घेऊन गेला. हे खरं असू शकतं का?

सुभेदार_काका

नाही. दाखल्याला पैसे पडत नाहीत आणि कोटा कुणाच्या खिशात नसतो. झेरॉक्स दिली ती दिली, ओरिजिनल देऊ नका, पैसे देऊ नका, आणि सासऱ्यांना सांगा पुन्हा आला तर त्याला कुठली युनिट, कुठल्या साली ट्रेनिंग झालं एवढं विचारा. खरा असेल तर चहा पिऊन जाईल, खोटा असेल तर गाडीला किक मारेल.

मलप्रभेकाठच्या बाळा, तुझं अजून संपलेलं नाही. तुझ्या वडिलांचं वय काय आणि शिक्षण काय?

मलप्रभेकाठचा

४७ पूर्ण नाहीत, दोन महिने कमी. दहावी पास, पुढे फौजेत असताना ती आर्मीची स्पेशल सर्टिफिकेटची परीक्षा दिलीय असं म्हणतात. का हो काका?

सुभेदार_काका

का म्हणजे? सगळे तुझा कोटा शोधतायत आणि कोट्याचा मालक एटीएमसमोर खुर्ची टाकून बसलाय.

नीट ऐक. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेला वय २८ पर्यंत. माजी सैनिकाला त्यावर केलेली सर्व्हिस अधिक ३ वर्षं मिळतात, फक्त ५० च्या वर नाही. २८ आणि १७ आणि ३, झाले ४८. तुझे वडील अजून बसतात. डिग्री पाहिजे म्हणशील, तर दहावी पास, कमीत कमी १५ वर्षं सर्व्हिस आणि ते आर्मीचं सर्टिफिकेट असेल तर डिग्रीच्या जागी धरतात. सर्टिफिकेटची नोंद डिस्चार्ज बुकात असायला पाहिजे, ती आजच बघ. ते १० टक्के त्यांच्यासाठीच ठेवलेत. एटीएमची नोकरी एजन्सीची, म्हणजे प्रायव्हेट, त्यामुळे कोटा वापरून झालाय असं होत नाही.

फॉर्म भरताना राज्य एकच निवडता येतं आणि तिथल्या भाषेची चाचणी असते. दहावीला ती भाषा शिकल्याचं मार्क्स कार्ड दाखवलं की चाचणी नाही. कर्नाटक घ्यायचं की महाराष्ट्र हे तुमचं तुम्ही ठरवा, पण मराठी शाळेतला माणूस महाराष्ट्र घेईल.

अडचण एकच. कॉम्प्युटर. आणि गणित. फौजेत आम्ही गणित दारूगोळ्याचंच केलं.

सांबऱ्याचा_बंड्या

माझ्या वडिलांना ५२ सुरू आहे. हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. त्या टेबलावरच्या बाई बरोबरच बोलत होत्या म्हणायचं, मग त्यांना बोलवा.

कचेरीतली

राज्याच्या भरतीत पण हेच गणित आहे हो. वयाच्या हद्दीवर केलेली सर्व्हिस अधिक ३. फक्त एसडीएला पीयूसी लागतं आणि कन्नड पेपर सुटत नाही, हवालदार साहेबांना ४७ व्या वर्षी ‘हळे’ आणि ‘हाळे’ करायला लावू नका, बँकच बरी.

मलप्रभेकाठचा

दोन दिवस गायब होतो, सांगतो काय झालं ते.

फॉर्म थ्रीबी आणि ग्रामीणमध्ये भरला, ३०० रुपये गेले. झेरॉक्सवाला म्हणाला वेडा आहेस. ग्रामीणच्या दाखल्यासाठी शाळेत गेलो, गुरुजींनी सही दिली, पहिली ते दहावीचं रजिस्टर काढून बसले आणि कुठल्या वर्षी मी किती दिवस गैरहजर होतो ते पण वाचून दाखवलं.

ताई निपाणीवरून आली, बायकांना बस फुकट म्हणून तिला तिकीट नाही, आधार दाखवलं, मी मात्र तिकीट काढलं. सैनिक कल्याणला गेलो. वकील साहेब म्हणाले तसं पहिल्यांदा लग्न झालंय ना म्हणाले. ताईने अर्ज पुढे केला आणि म्हणाली लेखी द्या. ते गृहस्थ आत गेले, दहा मिनिटांनी आले, अर्ज ठेवून घेतला, पोचपावतीवर शिक्का मारून दिला. दाखला अजून मिळालेला नाही. पण एक घोळ निघालाय, काकांच्या कागदात ताईची जन्मतारीख एसएसएलसी (दहावीच्या) मार्क्स कार्डापेक्षा ११ महिन्यांनी वेगळी आहे. शाळेत घालताना आजोबांनी लवकर घालायचं म्हणून वय वाढवून सांगितलं होतं म्हणे.

आणि पप्पा. मी सगळं वाचून दाखवलं, सुभेदार काकांचं दोनदा. आधी म्हणाले काय मस्करी करतोस, ह्या वयात पोरांच्या शेजारी बसून परीक्षा. मग रात्री ड्युटीला जाताना डबा घेतला, टॉर्च घेतला आणि दारातून परत येऊन म्हणाले, ते तुझं टक्केवारीचं पुस्तक आहे ना, दे इकडे. सकाळी आले तर पुस्तकात एटीएमच्या स्लिपा घातलेल्या होत्या, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने गणितं केलेली. सरळव्याजाची सगळी बरोबर, चक्रवाढ व्याजाची सगळी चूक. डिस्चार्ज बुकात सर्टिफिकेटची नोंद आहे, शाई फिकी झालीय पण शिक्का दिसतोय.

तर आता प्रश्न, ताईच्या जन्मतारखेचं कुठे दुरुस्त करायचं, मार्क्स कार्डात की फौजेच्या कागदात?

सुभेदार_काका

मार्क्स कार्डाला हात लावू नका, नोकरीत तेच धरतात. फौजेच्या बाजूने दुरुस्ती, काकूंचं ॲफिडेव्हिट, जन्माचा दाखला असेल तर तो, आणि मार्क्स कार्डाची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, सैनिक कल्याणच्या मार्फत पाठवा. वेळ लागेल, सोमवारीच जा.

वडिलांना सांग चक्रवाढीला घाबरू नको म्हणावं. स्लिपांचे फोटो टाक इथे, मी बघतो कुठे चुकतायत.